आठ वितींचं दार

डिंभ्याच्या फाट्यावर जीप भरायची वाट बघत मी जेवढा काळ बसलो आहे, तेवढ्या काळात एखाद्या कामसू माणसानं दुसरं धरण बांधून, भरून, वर बागबगीचा करून दाखवला असता. आमचा धंदा वडापचा. घोडेगाव ते डिंभे, आणि गिऱ्हाईक मिळालं तर पुढं घाटाकडं. जीप कागदावर नऊ जणांची. मी एकदा तिच्यातून सत्तावीस माणसं, दोन करडं आणि एक हळद लागलेला नवरदेव नेला आहे. नवरदेव टपावर होता. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तीन पोरांचा बाप झाला तरी अजून खुर्चीवर बसताना तो आधी दोन्ही हातांनी कॅरियर शोधतो.

हे आधीच सांगितलं, कारण पुढं मी एका कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल सांगणार आहे. तो जेवढं बोलला नाही तेवढं सगळं त्याच्या वतीनं मी बोललो, आणि त्यातूनच सगळं रामायण घडलं.

फाट्यावर चार बांबू आणि एक निळी ताडपत्री, एवढं दगडूनानाचं दुकान. ताडपत्रीखाली सुतळ्यांना लाकडी पाट्या टांगलेल्या. कुठं ‘मातृछाया’, कुठं ‘सुस्वागतम्’, कुठं बदामाच्या आकारात नवराबायकोची नावं घालायला मोकळी सोडलेली जागा. एका पाटीवर ‘चपला बाहेर काढा, तक्रारी घरी ठेवून या’. एकीवर शिवनेरी. खाली किल्ल्या अडकवायला चार आकडे असलेलं घुबड. आंब्याच्या फळ्या घोडेगावच्या वखारीतून माझ्याच टपावरून यायच्या. नाना त्या करवतीनं कापायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि तापलेल्या तारेनं अक्षरं जाळून काढायचा. घाटाकडं फिरायला निघालेली पुण्यामुंबईची मंडळी थांबायची, पाट्यांसोबत फोटो काढायची आणि निम्मी तरी काहीतरी घेऊन जायची. वारा सुटला की सगळ्या पाट्या एकमेकींवर खडखडायच्या. दोन कोसांवरची म्हैस त्या आवाजानं पान्हा सोडायची, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. म्हशीनं कधी नाही म्हटलं नाही.

नाना दिसायला कसा, तर एखाद्या फळीवरून रंधा जरा जास्तच फिरल्यासारखा. भुवयांत कायम भुसा. कानावरची पेन्सिल इतकी जुनी, की ती तिथूनच उगवली असावी. बोलणंही रंधा मारूनच बाहेर यायचं.

‘‘काका, हे लाकूड कुठलं?’’ कुणी विचारलं की नाना म्हणायचा, ‘‘झाडाचं.’’

‘‘कुठल्या झाडाचं?’’

‘‘तोडल्याल्या.’’

संपलं. गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं आणि मी पुढची दहा मिनिटं त्याची भरपाई करायचो.

बिबट्याची पाटी त्यानं पहिल्यांदा केली तेव्हाची गोष्ट. जुन्नर-आंबेगावात येऊन बिबट्याची आठवण नेली नाही तर पाहुण्याला घरात घेत नाहीत, म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. नानानं केला. एक जाडजूड गृहस्थ ती पाटी हातात घेऊन म्हणाले, ‘‘अहो, हे मांजर आहे.’’

नानानं पाटी परत घेतली, लांब धरून बघितली. म्हणाला, ‘‘बिबट्याच हाय. उपाशी हाय.’’

गृहस्थ हसले आणि दोन घेऊन गेले. त्यातली एक घराच्या फाटकाला लावल्यापासून त्यांच्याकडं दूधवाला, पेपरवाला आणि मेहुणा येईनासा झाला, अशी बातमी मीच पुढं चालवली. मेहुण्याचं ऐकून त्या महिन्यात बिबटे भरपूर खपले.

पण नानाची खरी खोड वेगळीच होती. घराच्या नावाची पाटी कुणी मागितली की तो आधी विचारायचा, ‘‘दाराची उंची किती?’’

‘‘कसली?’’

‘‘दाराची. जिथं लावनार त्या.’’

आता राव, तुम्ही सांगा, स्वतःच्या दाराची उंची किती जणांना ठाऊक असते? रोज आतबाहेर करणारी माणसं. बायकोच्या वाढदिवसापासून चपलेच्या नंबरापर्यंत सगळं मोबाईलमध्ये घातलेलं, पण दार? एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. नवा फ्लॅट, पाटीवर दोघांची नावं हवी. नानानं उंची विचारली. दोघांत वाद लागला. तो म्हणाला सात फूट, ती म्हणाली तुझं सगळंच सांगण्यात सात फूट असतं. शेवटी सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. वॉचमनकडं टेप नव्हता. नाना म्हणाला, ‘‘त्येला म्हनावं वितीनं मोज.’’ वॉचमन शिडीवर चढला, वीत वीत मोजत खाली आला, फोनवर म्हणाला, ‘‘साडेनऊ.’’

‘‘कुनाची वीत?’’ नानानं विचारलं. ‘‘मानूस उंच हाय का बुटका?’’

वॉचमननं फोन ठेवला. पण पाटी झाली, आणि नाना म्हणाला तेवढ्याच मापाची झाली. जोडपं गेल्यावर मी म्हटलं, ‘‘नाना, वीतभर पाटी. दार केवढं का असंना! काय फरक पडतोय?’’

नाना करवतीला तेल लावत होता. करवत फडक्यानं पुसत म्हणाला, ‘‘माप चुकल्यावर कळतं.’’

आणखी एक खोड होती आणि ती मला सोसावी लागायची. त्याच्या कामाच्या टेबलावर तो कुणाला टेकू द्यायचा नाही. टेबल म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली सागाची जाड फळी. वरून तिच्यावर इतके करवतीचे ओरखडे, की तेवढ्या सुरकुत्या घेऊन माणूस निदान तीनशे वर्षं जगला असता. नाना करवत ओढायला लागला की खालून किणकिण आवाज यायचा. मला वाटायचं हत्यारं टांगली असतील. बारा वर्षांत कधी वाकून बघितलं नाही. वाकायचं काम मी टायर पंक्चर झाल्याशिवाय करत नाही.

‘‘उठ,’’ मी टेकलो की नाना म्हणायचा.

‘‘एवढी मोठी फळी, नाना. मी काय खातो का?’’

‘‘माझी न्हाई ती.’’

‘‘मग कुणाची?’’

‘‘मालक येनार हाय न्यायला.’’

‘‘कधी?’’

यावर करवत सुरू व्हायची. किणकिण, किणकिण. मालकाची वाट बघत बघत तो त्याच फळीवर रोज कापत होता, याचंही मला नवल वाटायचं. पण माझ्या डोक्यात नवल फार वेळ टिकत नाही. तिथं गर्दी असते.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो.

नानाचं मूळ गाव धरणात गेलं. डोंगराच्या कुशीतली तीसेक घरांची वाडी, भात-नाचणीची खाचरं, आणि नाना तिथला सुतार. पाणी चढायच्या आधी वाडीतल्या सगळ्या घरांची दारं, चौकटी, वासे त्यानंच उतरवले. ती माणसं खाली, पार निरगुडसरच्या बाजूला, सपाटीला गेली. नाना इथंच, पाण्याच्या काठावर राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाडीतली जोती दिसतात, तेव्हा गिऱ्हाईक बोट दाखवून विचारायचं आणि नाना म्हणायचा, ‘‘दगडं हायेत.’’

एवढा ऐवज हाताशी असताना मी गप्प बसणार? एक दिवस एका बाईंनी ‘लाकूड कुठलं’ असं विचारलं आणि नाना ‘झाडाचं’ म्हणायच्या आत मी म्हटलं, ‘‘मॅडम, हे धरणातलं लाकूड. बुडालेल्या गावच्या दारांचं! नाना स्वतः बुडी मारून काढतो. एका दमात अर्धा तास.’’ बाईंनी पाटी छातीशी धरली. नानाकडं अशा नजरेनं बघितलं की माझी बायको माझ्याकडं तसं बघेल तर मी उद्याच बुडी मारीन.

नाना हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फक्त त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही. ते मला आज कळतं.

थाप वाढत गेली. पहिल्या महिन्यात नाना बुडी मारायचा. दुसऱ्यात खाली त्याला देवळाची घंटा ऐकू यायला लागली. तिसऱ्यात एक मासा त्याला दारांपाशी वाट दाखवायचा, आणि तो मासा मूळचा त्याच वाडीतला होता. पुण्याच्या कुणीतरी ते मोबाईलवर टाकलं. गाड्या खास थांबायला लागल्या. ‘‘बुडालेल्या दारांच्या पाट्या कुठं मिळतात?’’ नाना आपला आंबा कापत होता, आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर ‘‘झाडाचं’’ एवढंच म्हणत होता. पण आता ते ऐकून लोकांना वाटायचं, केवढा विनयशील माणूस!

मग एका मंगळवारी घोडेगावला माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर कापडी पिशवी. पाठ अशी ताठ की सीटला पाठ असते हे तिला कुणी सांगितलंच नसावं. म्हटलं, ‘‘आजी, कुठं?’’

‘‘डिंभ्याच्या फाट्याव.’’

‘‘कुणाकडं?’’

‘‘तिथं बुडाल्याल्या गावच्या पाट्या इकत्यात म्हनं.’’

मला आणखी काय पाहिजे? फाटा येईपर्यंत मी बुडी सांगितली, घंटा सांगितली, मासा सांगितला. मागच्या मंडळींनाही रंग चढला होता. म्हातारी समोर रस्त्याकडं बघत सगळं ऐकत होती. मी मासा नानाच्या खांद्यावर आणून बसवला तेव्हा तिनं पिशवीतून एक पाटी काढली. ‘सुस्वागतम्’. नानाची.

‘‘नातसून सहलीला आलती, तिनं आनली. म्हनली, आजी, तुमच्या गावच्या दाराचं लाकूड हाय. तू घे बघू वास.’’

‘‘गाडी चालवतोय, आजी.’’

‘‘उभी कर अन् घे.’’

मी खरंच उभी केली. वास घेतला.

‘‘आंबा,’’ मी म्हणालो.

‘‘आमच्या वाडीत आंब्याचं दार एक बी नव्हतं. समदी सागाची. त्यातलं एक माझं,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘दगडू सुतारानं शेवटी उतरवायचं म्हनून ठिवलं, अन् पुना आनलंच न्हाई. मी आपलं मनाला म्हनलं, गेलं पान्यात. आता ही पोरगी म्हनती दारं कापून इकतोय. तर त्येला इचारायला चाललेय. ही आंब्याची पाटी दिऊन लोकान्ला फशिवतोय, का माझ्या दाराची खांडं करून आदुगरच इकून बसलाय? दोनातलं येक तर खरं आसंल.’’ मग ती माझ्याकडं वळली. ‘‘अन् हे मासं-बिसं कोन सांगतंय रं लोकान्ला?’’

मागून कुणीतरी खोकलं. मी गिअर टाकला. तिसरा पडला.

फाट्यावर उतरल्यावर मी आधी पळत जाऊन नानाला सांगणार होतो, पण म्हातारी माझ्यापेक्षा जोरात चालली. ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिली. नाना करवत ओढत होता. त्यानं मान वर केली, आणि करवत मध्येच, लाकडात तशीच राहिली.

‘‘भागूवयनी,’’ नाना म्हणाला.

‘‘वळाकलंस व्हय? मला वाटलं इतक्या बुड्या मारून डोळं गेलं असतील.’’ तिनं पाटी त्याच्या समोर धरली. ‘‘हे माझ्या दाराचं हाय का?’’

सांगतो, त्या माणसाला सलग चार वाक्यं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. नाना म्हणाला, ‘‘न्हाई. आंबा हाय. घोडेगावच्या वखारीतला. ह्यो बबन आनतो टपावनं. दुकानात हाय तेवढा समदा आंबाच हाय. धरनातलं मी काय बी कुनाला इकलं न्हाई.’’

‘‘मंग माझं दार?’’

नानानं करवत काढली. टेबलावरच्या पाट्या, खिळे, तार, शेगडी, सगळं एकेक करून खाली जमिनीवर ठेवलं. भुसा हातानं झाडला. मग मला म्हणाला, ‘‘बबन, तिकडनं धर.’’

फळी माझ्या अंदाजापेक्षा जड होती. आम्ही ती उचलून उलटी केली.

खालच्या बाजूला एकही ओरखडा नव्हता. गुळगुळीत, तेल पाजलेला साग. मध्ये लोखंडी कडी, तिची साखळी लोंबत होती, आणि बारा वर्षं मी ऐकलेली किणकिण तिचीच होती. कडीच्या वर डांबरानं काढलेले दोन आकडे. धरणाच्या सर्व्हेवाल्यांनी वाडीतल्या प्रत्येक दारावर घराचा नंबर टाकला होता, त्यातला.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं आकड्यांवर बोट फिरवलं. ‘‘बदक,’’ ती म्हणाली, ‘‘अन् इळा.’’

सत्तावीस.

मग ती दाराच्या कडेला टेकली, आणि नानानं ‘उठ’ म्हटलं नाही.

पुढचं बोलणं मी बाजूला उभा राहून ऐकलं. माझी जीप तोवर भरली होती. आतून हाका येत होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भरलेली जीप उभी ठेवली.

त्यांच्या वाडीत रीत अशी, की चूल विझल्याशिवाय घराचं दार काढायचं नाही. पेटत्या चुलीचं घर उघडं टाकायचं नाही. वाडी सोडायच्या दिवशी भागूबाईंनी चूल विझवलीच नाही. ट्रक भरले, माणसं चढली, तरी हिच्या घरातून धूर निघत होता. शेवटी नाना म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, चूल निवली की दार उतरवतो आन मागनं घिऊन येतो. ती गेली. चूल निवायला संध्याकाळ झाली. चार दिवसांनी पाणी पायरीला लागलं, तेव्हा नानानं दार पाठीवर टाकून वर आणलं होतं.

‘‘मंग आनलं का न्हाईस माझ्याकडं?’’

‘‘आनलं व्हतं.’’

‘‘कवा?’’

‘‘त्याच साली. दुधाच्या टेम्पोत घालून निरगुडसरपातुर आलो. तुमचं घर लांबनं बघितलं. पत्र्याचं. तुमी भाईर भांडी घाशीत व्हता.’’ नाना थांबला. ‘‘घराचं तोंड सात वीत. लांबनं बी कळलं मला. दार आठ वीत.’’

म्हातारीनं कडीची साखळी मुठीत धरली.

‘‘बसनार न्हवतं. बसवायचं तर वीतभर कापायचं. तुमचं दार, मी कसं कापू? अन् न कापता तुमच्या म्होरं उभं करू, तर तुमी म्हननार, घर ल्हान झालं. म्हनून टेम्पो तसाच वळवला.’’

‘‘कापायचं व्हतं की, येड्या!’’

‘‘न्हाई कापवलं.’’

‘‘अन् हे?’’ तिनं फळीच्या कडेवरून वाकून वरची बाजू बघितली, बारा वर्षांच्या आणि त्याआधीच्याही करवतीनं चाळण केलेली. ‘‘हे काय केलंस मंग?’’

नाना पहिल्यांदाच ओशाळला. ‘‘टेबल न्हवतं दुसरं,’’ तो म्हणाला. ‘‘पर चांगली बाजू खाली ठिवली. अन् करवत आरपार कंदी जाऊ दिली न्हाई.’’

म्हातारी हसायला लागली. असं हसली की ताडपत्रीवरचे कावळे उडाले. हे मात्र मी वाढवून सांगत नाही, तीन होते.

‘‘आता ऐक,’’ हसू आवरल्यावर ती म्हणाली. ‘‘पोरानं स्लॅब टाकलाय. दार हाय, त्याला घंटी बी हाय, दाबली की गानं म्हनती. तिथं ह्या दाराला जागा न्हाई. मला एवढं काप.’’ तिनं दोन्ही तळहात आकड्यांच्या भोवती ठेवले. ‘‘बदक, इळा अन् कडी. बास. टांगाया साखळी हायेच.’’

नाना करवतीकडं बघत होता, पण हात पुढं जाईना.

‘‘आन् बाकीचं, वयनी?’’

‘‘बाकीच्यान्ला दे. समदी वाडी माझ्याच दारात यिऊन बसायची, पान खायाला. तुला ठाव हायेत का नंबर समद्यांचं?’’

‘‘उतरवली कुनी? मीच.’’

‘‘मंग झालं.’’

तिच्या तुकड्याला नानाला दोन तास लागले. आंब्याच्या पन्नास पाट्या त्यानं त्या वेळात काढल्या असत्या. चारी बाजूंनी पेन्सिलीच्या रेघा आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या. करवत पहिल्यांदा आरपार गेली तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. लाकूड पिवळंजर्द निघालं, आणि वास असा सुटला की माझ्या जीपमधले लोक भाडं विसरून खाली उतरले. भागूबाई साखळी बोटात अडकवून, ती पाटी गाठोड्यासारखी हलवत, माझ्या पुढच्या सीटवर बसून परत गेली. वाटेत मी गप्प होतो. घोडेगाव आल्यावर तीच म्हणाली, ‘‘मासा सांग की पुन्हा. चांगला व्हता.’’

त्यानंतर नानाचं टेबल लहान व्हायला लागलं.

आधी मला कळलं नाही. मग दिसलं की एक घोडा जरा आत सरकलाय. पुढच्या आठवड्यात आणखी आत. सकाळी नाना आंबा कापायचा, आणि गर्दी ओसरली की दुपारी टेबलातूनच एक तुकडा. वरचे ओरखडे तासायचा नाही. उलट बाजू घ्यायची, आणि त्या त्या घराचा जुना आकडा डांबरानंच रेखायचा. एक, तीन, अकरा. कुणाचा नंबर कुठला, हे त्याला कागदाशिवाय पाठ होतं. दारांची मापंही. ‘‘अकरा म्हंजी कोंडाजीचं. साडेसात वीत. वरनं डाव्या अंगाला गाठ.’’ पोचवायचं काम माझ्याकडं. निरगुडसरच्या बाजूला मी इतक्या खेपा केल्या की तिथली कुत्री माझ्या जीपवर भुंकायची बंद झाली. कुणी पाटी देव्हाऱ्यात ठेवली, कुणी टीव्हीवर. एका गड्यानं ती घेतली, उलटी केली, ओरखडे बघितले आणि विचारलं, ‘‘ह्ये काय?’’ मी तोंड उघडलं. अर्धा तास पुरेल एवढी गोष्ट तयार होती. पण म्हणालो, ‘‘काम केलंय त्याच्यावर.’’ आणि निघालो. त्या रात्री मला ताप आला, असं माझी बायको सांगते.

गिऱ्हाइकांनाही मी आता आंबाच सांगतो. विश्वास बसत नाही त्यांचा. ‘‘तुम्ही लपवताय काहीतरी,’’ म्हणतात आणि दोन जास्त घेतात.

दिवाळीपर्यंत टेबल पाटाएवढं झालं. नंतर पोळपाटाएवढं. नाना दोन घोड्यांऐवजी एका ओंडक्यावर ते ठेवून काम करायचा. मी म्हटलं, ‘‘नाना, वखारीतनं दुसरी फळी आणतो.’’

‘‘कशाला?’’ नाना म्हणाला. ‘‘डोळं कुटं ऱ्हायलंत आता. लेक बोलावतीय डिंगोऱ्याला.’’

आणि मग एक दिवस नुसतं वीतभर लाकूड उरलं. त्यात दोनच पाट्या बसणार होत्या, मधून कापायच्या. एक तेवीस नंबरची, ती न्यायला त्यांची माणसं यायची होती. दुसरी एकोणतीस. त्याची स्वतःची.

नानानं ते लाकूड हातात घेतलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आयुष्यभर ज्याच्यावर ठेवून कापलं तेच कापायचं, तर ठेवायचं कशावर? ओंडका होता, पण तो डगडगायचा. मांडीवर ठेवून बघितलं. मग रस्ता ओलांडून सरळ माझ्या जीपकडं आला आणि लाकूड बॉनेटवर ठेवलं.

‘‘नाना, गाडी आहे ती!’’

‘‘धर,’’ नाना म्हणाला.

मी दोन्ही हातांनी धरलं. नानानं करवत लावली. त्याला आता रेघही दिसत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तो अंगठ्यानं रेघ चाचपत होता. पण करवत सरळ गेली. शेवटच्या ओढीला मात्र थांबली नाही. या खेपेला त्याची करवत लाकूड सोडून पत्र्यात गेली, आणि माझ्या बॉनेटवर चार बोटांचा ओरखडा उठला. पत्रा किंचाळला. गॅरेजवाल्यानं तीनदा विचारलं, ‘‘रंग मारू का?’’ मी म्हटलं, ‘‘बाकी सगळ्या गाडीला मार.’’

दुसऱ्या दिवशी मी नानाला डिंगोऱ्याला सोडायला निघालो. सामान म्हणजे करवत, पटाशी, कानावरची पेन्सिल आणि मांडीवर एकोणतीस नंबर. निळी ताडपत्री तशीच राहिली. आंब्याच्या उरलेल्या पाट्या त्यानं मला दिल्या. त्यात तो उपाशी बिबट्या आहे. घरी लावला आहे आणि मेहुणा तरीही येतो. घोडेगाव, जुन्नर, पुढं डिंगोरं. एवढ्या वाटेत नाना एकदाच बोलला. जुन्नरला म्हणाला, ‘‘हळू चालव.’’

लेकीचं घर रस्त्यावरच. कांद्याची चाळ, पुढं अंगण, नवं बांधकाम. लेक पळत बाहेर आली, ‘‘आलं का आप्पा!’’ म्हणाली, पिशव्या घेतल्या, आत चहा टाकायला गेली. मी गाडी वळवली. आरशात नाही, मान वळवून बघितलं.

नाना आत गेला नव्हता. एकोणतीस नंबर काखेत धरून तो उंबऱ्याबाहेर उभा होता, आणि चौकटीवर खालून वर वीत टाकत होता. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी. आठाच्या पुढं त्याचा हात पुरेना. तो टाचा उंचावून उभा राहिला आणि नववी वीतही लागली. आतून लेक म्हणत होती, ‘‘आप्पा, चहा निवतोय. काय बघताय भाईर?’’

नाना हात वर तसाच ठेवून, तिला म्हणाला का मला, ते कळलं नाही:

‘‘त्ये दार ह्यातनं न कापता गेलं असतं.’’